त्रेचाळीस म्हणजे धोका

शिक्षिकेच्या घरात कचरा नावाची वस्तू नसते. असतं ते सगळं शैक्षणिक साहित्य. आमची ही कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्यामुळे आमच्याकडे टूथपेस्ट संपली की खोका इष्टिकाचिती होतो, आइस्क्रीम संपलं की काडी धुऊन, वाळवून दहाच्या जुडीत जाते आणि लग्नपत्रिकेवरचा गणपती पुठ्ठ्याला चिकटून ‘चित्रवाचन’ असं लिहिलेल्या डब्यात जाऊन बसतो. पाहुण्यांना कोल्ड्रिंक दिलं तर बाटली त्यांच्या हातात आणि झाकण हिच्या पर्समध्ये. कचऱ्याची गाडी रोज दारात येते. गाडीवरच्या माणसाने एकदा काळजीने विचारलं, “सायेब, ह्या घरात कोण ऱ्हातंय का न्हाई?”

चिंचोक्यांचं तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका वर्षाची चिंच फोडायला बसल्या की चिंच कुणाची हे ठरलेलं नसतं, पण चिंचोके कुणाचे हे ठरलेलं असतं. ते आमच्या गच्चीवर वाळतात. शेजारणी पापड वाळवतात, आम्ही गणित वाळवतो.

हे सगळं घरात शिरलं २०१५ साली. त्या वर्षीच्या २२ जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द प्रत्येक शाळेच्या व्हरांड्यात ऐकू यायला लागला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी मुलांच्या हातात वस्तू देऊन शिकवायचं काम मनापासून केलं होतं. ते बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून गेल्या. आमची हीसुद्धा गेली. आली ती वहीभर टिपणं आणि डोक्यात एकच विचार घेऊन: फरशी रिकामी आहे. मग पुढच्या उन्हाळ्यात शाळेची फरशी ऑइलपेंटने रंगली. एका कोपऱ्यात संख्यारेषा, दुसऱ्यात अक्षरांचे गोल, मध्ये सापशिडी. रंगवायला मजूर परवडत नव्हता, म्हणून नवरे वापरण्यात आले. माझ्या एका पँटवर अजून ‘क्ष’ आहे.

मूळ कल्पना चांगली होती, हे कबूल करायला हवं. दहा म्हणजे काय हे फळ्यावरच्या एकावर शून्याने कळत नाही, दहा काड्यांना रबर लावताना कळतं. फक्त ज्यांनी ही कल्पना कागदावर मांडली, त्यांनी बहुधा सहा वर्षांची बत्तीस मुलं एकाच वेळी एका खोलीत पाहिली नसावीत. वर्गात पहिल्या दिवशी चिंचोक्यांचे ढीग वाटले. “प्रत्येकाने पाच पाच चिंचोके वेगळे करा” एवढीच सूचना होती. पाच मिनिटांत निम्म्या वर्गात चंपूलचा खेळ सुरू झाला, एकाने खिसा भरला आणि कोपऱ्यातून आवाज आला, “म्याडम, ह्येनं चिंचोका नाकात घातलाय!” तो काढण्यात गणिताचा तास संपला. शाळेच्या दप्तरी मात्र त्या तासाची नोंद ‘साहित्य हाताळणी’ अशी आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

जोडाक्षरं असलेली संख्यानामं मुलांना जड जातात म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी रीत पर्याय म्हणून आली. त्यावरून विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत जो गदारोळ झाला, त्यात ज्यांना स्वतःला एकोणसत्तर आधी की एकोणऐंशी, हे थांबून आठवावं लागतं तेच सगळ्यात मोठ्याने बोलत होते. वर्गात काही झालं नाही. पोरं शाळेत ‘चाळीस तीन’ म्हणत आणि घरी आजीसमोर ‘त्रेचाळीस’.

आणि त्रेचाळीसवरूनच खरी गंमत झाली. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे जुलै लागला की माणसं एकमेकांना ‘काय चाललंय’ विचारत नाहीत, ‘पाणी किती?’ विचारतात. म्हणजे कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. तासातासाला आकडे मोबाइलवर येतात आणि नदीकाठच्या घरांत त्यावर निर्णय होतात: जनावरं कधी सोडायची, धान्य माळ्यावर कधी चढवायचं. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखली, आंबेवाडीसारखी गावं रिकामी करावी लागली.

तर एका पावसाळ्यात वर्ग तपासायला साहेब आले. दुसरीतल्या एका चुणचुणीत पोराला उभं केलं आणि विचारलं, “त्रेचाळीस म्हणजे काय?” साहेबांना ‘चार दशक तीन एकक’ हवं होतं. समोर जुड्या आणि सुट्या काड्या मांडून ठेवलेल्या होत्या. पोराने त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सांगितलं, “धोका.”

साहेब जरा गडबडले. “बरं, एकोणचाळीस?”

“इशारा.”

“आणि पंचावन्न?”

“मामाच्या गावाला जायाचं.”

साहेब दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले. त्यांनी शेरेबुकात ‘संख्याज्ञानावर अधिक मेहनत आवश्यक’ असा शेरा मारला. मला विचाराल तर त्या पोराइतकं संख्याज्ञान आमच्या नगररचनेचे नकाशे मंजूर करणाऱ्यांना असतं, तर पूररेषेच्या आत इतकी घरं उभी राहिली नसती. पण शेरेबुकात नवऱ्यांनी लिहायची सोय नाही.

पोरं शिकतात, भरपूर शिकतात. फक्त आपण वरती ‘उद्दिष्ट’ म्हणून जे लिहितो ते सोडून बाकी सगळं.

बालबाजाराचंच बघा. दर हिवाळ्यात शाळेच्या पटांगणात हा भरतो. उद्दिष्टं: व्यवहारज्ञान, नफा-तोटा, संवादकौशल्य. सरपंचांच्या हस्ते फीत कापली जाते, मुख्याध्यापक दोन शब्द बोलतात (ते मोजले तर चारअंकी संख्येचा सराव होईल) आणि मग पोरं आपापल्या पोत्यांवर मांडी ठोकतात. मेथी, कोथिंबीर, बोरं, भडंग, वडापाव, लिंबू सरबत. यात भाजी आणणारी पोरं आणि वडापाव आणणारी पोरं यांत मोठा फरक. वडापाव आईने पहाटे चारला उठून केलेला असतो, भाजी पोराने बापाबरोबर काढलेली असते.

मागल्या खेपेला मी पिशवी घेऊन गेलो होतो. तिसरीतली एक मुलगी मेथी घेऊन बसली होती. पेंड्यांवर पाणी मारायला शेजारी तांब्या. आमची ही गेली आणि म्हणाली, “कशी गं पेंडी?”

“धाला एक, पंधराला दोन.”

“वीसला तीन दे की.”

“न्हाई परवडत म्याडम. धुकं पडल्यापासनं माल न्हाई. कपिलतीर्थाच्या मंडईत जावा, तिथं पंधराला एक हाय.”

हिने मुकाट्याने पंधरा रुपयांत दोन पेंड्या घेतल्या आणि पन्नासची नोट दिली. मुलीने ओट्यातून पस्तीस रुपये मोजून परत केले, तेही दोन दहाच्या नोटा, एक पाचचं नाणं आणि बाकी दहा रुपयांची कोथिंबीर गळ्यात मारून. ही माझ्याकडे बघून म्हणाली, “हीच मुलगी काल फळ्यासमोर उभी होती. पन्नासातून पंधरा गेले किती, तर खाली मान. हातचा घ्यायचा तिला समजत नाही म्हणून मी अर्धा तास घालवला.” हातचा तिला नको होता. फळ्यावर कोथिंबीर नव्हती, ही खरी अडचण.

शेजारी भेळेचा गाडा होता. त्याचा मालक चौथीतला. दुपारपर्यंत मालकाने आणि मालकाच्या तीन जिवलग मित्रांनी मिळून निम्मा माल फस्त केला होता. शेवटी हिशेब झाला. आईने दिलेला माल दोनशेचा, गल्ल्यात नव्वद रुपये. “म्हणजे नफा झाला का तोटा?” सरांनी विचारलं. “नफा,” पोरगं ठामपणे म्हणालं. “नव्वद रुपये काय कमी हाईत का सर? आणि माल आईचा हुता.” सहकार क्षेत्राची भूमी आहे आमची. हे गणित इथे मोठमोठ्यांना येतं.

परिसर अभ्यासात क्षेत्रभेट असते. कोल्हापूर म्हटल्यावर गुऱ्हाळ ठरलेलं. ‘ऊस ते गूळ’ ही प्रक्रिया मुलांना समजावी म्हणून हिने रात्री बसून चार्ट केला: चरक, काहील, चुलवाण, बाण काढून सगळं नीट. मी पायलट म्हणून गाडीवर. गुऱ्हाळाच्या दारात ट्रॉली उभी होती. ही मुलांना म्हणाली, “बघा मुलांनो, हा ऊस.” बत्तीसपैकी पंचवीस पोरांच्या घरी ऊस. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने कांडं हातात घेऊन डोळा तपासला आणि म्हणाला, “म्याडम, ह्यो शहाऐंशी बत्तीस न्हाई, दोनशे पासष्ट हाय.” ८६०३२ ही उसाची जात. याच पोराला पाच अंकी संख्येचं वाचन येत नाही, अशी हिच्या वहीत नोंद होती.

गुळव्याने मात्र वर्ग ताब्यात घेतला. उकळत्या रसावर आलेली मळी रानभेंडीच्या रसाने कशी फुटते ते दाखवलं, पाक झाला की नाही हे बघायला थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून दाखवली. पोरं काहिलीच्या कडेला श्वास रोखून उभी. आणि नेमकी काहील ओतायच्या वेळी ही ओरडली, “चला, सगळे इकडे बघा, फोटो!” पोरांनी माना वळवल्या, हात खाली सरळ केले, बॅनर धरला. मागे सोनेरी गूळ वाफ्यात पडत होता आणि सगळा वर्ग त्याच्याकडे पाठ करून माझ्या मोबाइलकडे बघत होता. तो फोटो फार छान आला. शिक्षकांच्या ग्रुपवर त्याला चाळीस अंगठे मिळाले.

बिचारीचा दोष नाही. फोटो नाही तर उपक्रम झालाच नाही, असा आता दंडक आहे. कोणत्या अक्षांश-रेखांशावर गूळ ओतला हेसुद्धा फोटोच्या कोपऱ्यात यावं लागतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढून चढवावा, असा आदेश निघाला होता. हजेरी तपासायची ही रीत विरोध झाल्यावर गुंडाळली गेली, पण शिक्षकाचा हात एकदा जो मोबाइलसाठी लांब झाला तो पुन्हा आखूड झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ‘गुऱ्हाळास भेट’ या विषयावर पाच वाक्यं लिहायची होती. एकाने लिहिलं होतं: ‘आम्ही गुऱ्हाळाला गेलो. आम्ही फोटो काढला. आम्ही काकवी पिली. बाईंच्या मिस्टरांनी तीन वेळा काकवी पिली. आम्ही परत आलो.’ निरीक्षणशक्तीत त्याला पैकीच्या पैकी द्यावे असं मी सुचवलं. हिने ते मानलं आणि मला आठवडाभर ऐकवलं.

आता घरातल्या सर्वांत मोठ्या उपक्रमाकडे येतो. त्याचं नाव वर्णनात्मक नोंदी. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाची आठ तंत्रं: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि आठवं ‘इतर’. यावरून प्रत्येक मुलाविषयी, प्रत्येक विषयात, शिक्षकाने वाक्यात लिहायचं. नुसता आकडा टाकून मोकळं व्हायचं नाही. हेतू फार चांगला. पण सत्राच्या शेवटी हिच्यासमोर वह्यांचा ढीग येतो, शिवाय खिचडीच्या तांदळाचा हिशेब, मतदारयाद्या आणि दोन ऑनलाइन लिंका. तेव्हा ही चष्मा डोक्यावर चढवते आणि म्हणते, “अहो, जरा बसा की इथं. तुमचं मराठी बरं आहे.”

नोंद सकारात्मक असावी ही अट. त्यामुळे रात्री अकराला आमच्या स्वयंपाकघरात एक वेगळंच भाषांतर सुरू होतं. ही मुलाची खरी हकिगत सांगते, मी सरकारी नोंद करतो.

“हा दिवसभर बोलतो. श्वाससुद्धा घेत नाही.”

‘वर्गचर्चेत उत्साहाने सहभागी होतो.’

“ह्याने काल दोघांना बडवलं.”

‘गटकार्यात पुढाकार घेतो.’

“ही प्रार्थनेपासून झोपते.”

‘वर्गात शांतता राखते.’

“हा तो, चिंचोकावाला.”

‘शैक्षणिक साहित्याचा स्वतःहून शोध घेतो.’

दुकानात तयार नोंदींची पुस्तकंही मिळतात, विषयवार. ती वापरली की महाराष्ट्रातली लाखो मुलं एकाच वेळी ‘परिसरातील घटकांविषयी आस्था बाळगतात’. ही ते पुस्तक घेत नाही. ती म्हणते, प्रत्येक पोर वेगळं आहे. खरं आहे. पुस्तकापेक्षा नवरा स्वस्त पडतो, हेही खरं आहे.

२०२३ मध्ये दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी पाठ्यपुस्तकातच कोरी पानं घालून दिली होती, ‘माझी नोंद’ लिहायला. दोनच वर्षांत ती पानं पुन्हा गेली. मला मात्र त्यांची चुटपुट वाटते. शहरातल्या एका भाच्याचं पुस्तक मी चाळलं होतं. गणिताच्या धड्यामागच्या कोऱ्या पानावर शाहू स्टेडियम होतं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा फुटबॉलचा सामना, बावीसच्या बावीस खेळाडू, प्रत्येकाला नंबर, पंचाला शिंगं. अख्ख्या पुस्तकात मन लावून केलेलं काम तेवढंच.

शाळेतला पसारा एक वेळ परवडला. शहरातल्या खाजगी शाळांचे ‘प्रकल्प’ मात्र घरावर पडलेली धाड असते. रात्री दहाला पोरगं दप्तरातून चिठ्ठी काढतं: उद्या सौरमाला आणायची आहे. मग बाबा थर्माकोल शोधत महाद्वार रोडला आणि आई यूट्यूबवर. पोरगं झोपतं. पहाटे दोनला शनीचं कडं चिकटतं. सकाळी सगळ्या सौरमाला एका रांगेत लागतात आणि पहिला नंबर आर्किटेक्टच्या मुलाला मिळतो. त्या रांगेत मधेच एखादा लिंबाएवढा, पोचे पडलेला, हिरवा मंगळ असतो. कारण लाल रंग संपलेला असतो. तेवढा एकच त्या वर्गातला खरा विद्यार्थी.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आज चित्र उलटं आहे. जरगनगरातल्या महापालिकेच्या शाळेत गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात. तो दंड मात्र पुन्हा सुरू करावा. पोराला प्रकल्पापासून सुटका मिळत असेल, तर महिन्याला एक रुपया आनंदाने भरणाऱ्या निदान पन्नास आया मी आत्ता दाखवतो.

उपक्रम कसा असावा हे कोल्हापूरला बाहेरून शिकायची गरज नव्हती. इथेच, १९८५ साली, लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय काढलं. कादंबरीकार ना. सी. फडक्यांची ही कन्या. वडिलांनी आयुष्यभर नायक-नायिकांची मनं जुळवली, मुलीने पोरांची आणि शिक्षणाची जुळवायला घेतली, आणि हे काम जास्त अवघड. चौथीपर्यंतची मराठी शाळा. तिथे पहिल्या-दुसऱ्या नंबराची चढाओढ नव्हती आणि छडी नव्हती. मुलांनी प्रश्न विचारायचे, बाहेर पडून बघायचं, हाताने करायचं, आणि त्यातूनच भाषा, गणित, विज्ञान यायचं. हे सगळं कुठल्याही शासन निर्णयाच्या कितीतरी आधी. ‘शिकता शिकविता’ आणि ‘ऐलमा पैलमा शिक्षणदेवा’ ही त्यांची पुस्तकं आमच्याकडे आहेत. ही ती अडचणीच्या रात्री काढून वाचते. मी विचारलं, “यांच्यात आणि तुमच्या उपक्रमात फरक काय?” ही म्हणाली, “त्यांनी आधी पोराकडे बघितलं, मग उपक्रम केला. आम्हाला आधी रकाना दिसतो.”

आणि रकान्याशिवायही होतंच की. दिवाळीत गल्लीगल्लीत किल्ले उभे राहतात. माती कुठली चिकट, उतार किती ठेवला तर ढासळत नाही, अळीव कधी पेरला तर पाडव्याला हिरवा होतो, तोफा बुरुजावर की दरवाजात, वर्गणी कुणी बुडवली. भूगोल, इतिहास, भूमिती, शेती आणि राजकारण, पाचही विषय चार दिवसांत. त्यात एकही मोठं माणूस नसतं, कारण मोठ्या माणसाला पोरं हाकलून लावतात.

तेव्हा पालकहो, दोन विनंत्या. एक, बाटल्यांची झाकणं आणि चिंचोके टाकू नका. जवळच्या सरकारी शाळेत नेऊन द्या, तिथे ते मोत्यांच्या मोलाने घेतात. दुसरी, पोराच्या हातातली कात्री काढून घेऊ नका. ज्यांना पुठ्ठा कापायची अगदीच हौस आवरत नाही, त्यांनी सरळ पहिलीत नाव घालावं. सहा वर्षं पूर्ण असण्याची अट तुम्ही केव्हाच पार केली आहे, आणि आमच्या शाळेला पट हवाच आहे.